ठिपक्यांचा कोंबडा निवडताना: गोराईतल्या एका कळपाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोराई मुंबई महापालिकेच्याच हद्दीत येते. बोरिवलीच्या बाजूने होडीत बसून खाडी ओलांडली, की कोंबड्या पाळायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तिथे मिळतात: थोडी मोकळी जमीन आणि पहाटेच्या आरवण्यावरून सोसायटीकडे अर्ज न करणारे शेजारी. वसंतदादा तिथलेच. घरामागे नारळाची वाडी आहे. त्यांच्या आईने, म्हणजे काकींनी, आयुष्यभर गावठी कोंबड्या पाळल्या. (घरातल्या सगळ्यांची नावं बदलली आहेत.)

दादांना शौक लागला तो स्पेकल्ड ससेक्सचा. ही इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातली जात. मूळची मांसाची, अंगाने भारदस्त, आणि अंडीही बरी देणारी. ससेक्स पाळणाऱ्यांचा क्लब तिकडे 1903 मध्ये निघाला, आणि ठिपक्यांच्या ससेक्सला अमेरिकेतल्या मानकात, म्हणजे जातीचा पक्षी कसा असावा हे सांगणाऱ्या नियमावलीत, 1914 मध्ये जागा मिळाली. पक्ष्याचा मूळ रंग गडद तांबूस तपकिरी. प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि ठिपका व तपकिरी यांच्यामध्ये हिरवट चमक असलेला काळा पट्टा. तुरा एकेरी आणि सरळ, कानपाळ्या लाल, पाय पांढरे. पूर्ण वाढलेला कोंबडा मानकाप्रमाणे 4.1 किलोच्या आसपास, कोंबडी 3.2 किलो.

दादांनी परराज्यातल्या एका पाळणाऱ्याकडून उबवणीची अंडी मागवली. त्यातून जगले एक कोंबडा आणि चार कोंबड्या. कोंबड्याचं नाव राजा. दुसऱ्या हंगामात घरच्याच अंड्यांतून आणखी एक कोंबडा आणि तीन तलंगा (तरुण कोंबड्या) ठेवल्या. या कोंबड्याला काही नाव पडलं नाही, सगळे त्याला ‘धाकटा’च म्हणायचे. तिसऱ्या हंगामात 21 पिल्लं निघाली आणि तिथून हे प्रकरण सुरू होतं.

अडचण काय होती

त्या 21 पिल्लांपैकी पाचांचे पाय पिवळे निघाले. तिघांच्या अंगावर ठिपका म्हणून नव्हता. उरलेली बहुतेक पिल्लं मळकट तपकिरी, ठिपके कुठे कुठे, तेही बारीक. वसईच्या एका गिऱ्हाइकाने जोडी नेली आणि महिन्याभरात परत आणून सोडली. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की ही जात नाही, ही गावठी मिसळ आहे.

दादांनी मला बोलावलं तोवर त्यांचा निर्णय जवळजवळ झालेला होता. राजा ठेवायचा, कारण वाडीत येणारा माणूस आधी त्याच्याकडेच बघतो. त्याच्यासोबत सगळ्यात जास्त ठिपक्यांच्या तीन कोंबड्या ठेवायच्या आणि बाकी सगळं काढून टाकायचं. मळकट दिसणारी गेल्या हंगामाची बरीच पिल्लं तर त्यांनी आधीच खायच्या कोंबडीच्या भावाने विकली होती. पुतण्या ओंकारने मोबाइलवर यादीही केली होती: राजा दहापैकी दहा, धाकटा दहापैकी पाच.

यादी वाचून माझ्या लक्षात आलं, की गुण फक्त एकाच गोष्टीला दिलेत. आज अंगावर पांढरं किती दिसतंय, याला.

यादी बाजूला ठेवून हातात घेतलेले पक्षी

ठिपक्यांच्या पक्ष्यात रंग सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं मत आहे. रंग डोळ्यांना आधी दिसतो म्हणूनच तो शेवटी. एकदा का नजर ठिपक्यांवर बसली, की वाकडी शेपटीसुद्धा ‘जराशी’ वाटायला लागते.

तेव्हा आधी सांगाडा. चोच वरखाली नीट मिळते का, शेपटी पाठीच्या रेषेत आहे की एका बाजूला कललेली, छातीचं हाड सरळ आहे का, बोटं चार आणि सरळ आहेत का. मग पाठ. ससेक्सची पाठ लांब, रुंद आणि सपाट हवी, खांद्यापाशी हात ठेवला तर तळवा भरला पाहिजे. राजा यात खरोखर चांगला होता. वजन 3.6 किलो, पाठ रुंद, चाल ऐटीत. धाकटा 3.1 किलोचा, पाठ किंचित अरुंद, आणि उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं.

मग डोकं. सातपैकी एका कोंबडीच्या कानपाळीत पांढरा डाग होता. लेगहॉर्नसारख्या जातीची कानपाळी पांढरी असते. ससेक्समध्ये असा डाग दिसला की कुठेतरी मागे दुसरं रक्त मिसळलंय असं धरून चालावं. ती बाद.

मग नडग्या. इथे एक कोंबडी जवळजवळ सुटली होती. तिची नडगी स्वच्छ दिसत होती, पण बोटाने उलटं चोळल्यावर बाहेरच्या बाजूला खवल्यांच्या मध्ये दोन बारीक खड्डे लागले. पिसाचे खुंट उपटल्यावर अशी भोकं राहतात. ब्रह्मासारख्या पायावर पिसं असलेल्या जातीचा अंश असला की असे खुंट येतात, आणि तो गुण सहजासहजी दबत नाही. दादांनी ते उपटले नव्हते, आपसूक गळले असतील किंवा दुसऱ्या कोंबडीने टोचून काढले असतील. तिला अंधाऱ्या खुराड्यात वेगळं ठेवून थोडे दिवस थांबलो. खुंट परत आले. तीही बाद.

धाकट्याच्या वाकड्या बोटावर मात्र बराच वेळ गेला. वाकडं बोट आनुवंशिक असू शकतं, पण उबवणीतल्या तापमानाच्या गडबडीने, गुळगुळीत फरशीवर पिल्लं वाढवल्याने किंवा खाद्यात बी-2 जीवनसत्त्व कमी पडल्यानेही बोटं वाकतात. मी विचारलं, की त्याच्याबरोबर निघालेल्या बाकीच्यांची बोटं कशी होती? दादांना आठवेना. काकींना आठवलं. त्या वेळी थर्माकोलच्या खोक्यातल्या इन्क्युबेटरमध्ये घातलेल्या अंड्यांत चार वेगवेगळ्या कोंबड्यांची अंडी होती, आणि त्याच खेपेला वीज जाऊन येऊन करत होती. निघालेल्या बऱ्याच पिल्लांची बोटं वाकडी होती. पण काकींनी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली बसवलेली, त्याच कोंबड्यांची पिल्लं सरळ बोटांची होती. बाप तोच, आया त्याच, आणि फरक फक्त खोक्याचा. म्हणून हा दोष त्याच्या रक्तातला नसावा असं धरलं, आणि पुढे त्याची पिल्लं बघून खात्री करायची ठरवलं.

पायांचा रंग: इथे खरी गाठ होती

पहिल्या दिवशी पाहिलं तर दोन्ही नरांचे आणि सातही कोंबड्यांचे पाय पांढरे. पिवळ्या पायांची फक्त तिसऱ्या हंगामातली पाच पिल्लं, त्यातल्या तीन तलंगा अजून घरात होत्या. दादांचा तर्क होता, की आईबाप पांढऱ्या पायांचे असताना पिवळी पिल्लं निघाली याचा अर्थ शेजारचा गावठी कोंबडा कुंपण ओलांडून येतो.

तो येत होता यात शंका नव्हती. तीन बिनठिपक्यांची पिल्लं त्याचीच असणार. ठिपक्यांचा गुण अप्रभावी आहे, आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो पुरता उमटतो. त्यामुळे दोन ठिपक्यांच्या पक्ष्यांना एकही ठिपका नसलेलं पिल्लू झालं, तर बाप दुसरा. यात वादाला जागा नाही.

पण पिवळ्या पायांची पाचही पिल्लं ठिपक्यांची होती. म्हणजे त्यांचा बाप घरातलाच. पाय पांढरा असणं हा प्रभावी गुण, पिवळा हा अप्रभावी. पांढऱ्या पायांचा पक्षी पिवळेपणा लपवून वाहू शकतो, आणि अशा दोन वाहकांची जोडी लागली की सरासरी चारात एक पिल्लू पिवळं. राजा वाहक असणार, हे इथेच जवळपास ठरलं. पण 21 पिल्लांतली तीन शेजाऱ्याची, म्हणजे उरलेल्या 18 मध्ये पाच पिवळी. सगळ्या कोंबड्या वाहक असत्या तर हिशोब जुळला असता, पण एकाच घरात सगळ्याच वाहक? मला वाटलं, एखादी कोंबडी वाहक नसून चक्क पिवळ्या पायांची आहे आणि आपल्याला ती पांढरी दिसतेय.

तसं दिसायला दोन कारणं असतात आणि या वाडीत दोन्ही होती. पायातला पिवळा रंग खाद्यातून येतो, मुख्यतः पिवळा मका आणि हिरवा पाला यांतून. दादांच्या कोंबड्या खायच्या तांदळाची कणी, उरलेला भात, पाव आणि सुक्या बोंबलाची डोकी. दुसरं म्हणजे कोंबडी अंड्यावर आली की अंगातला तोच पिवळा रंग बलकात जातो. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी होते, मग डोळ्याभोवतीची कड, कानपाळी, चोच आणि सगळ्यात शेवटी पाय. सलग काही महिने अंडी देणारी पिवळ्या पायांची कोंबडी पांढऱ्या पायांची दिसते. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत येतो, पायांत सगळ्यात उशिरा.

मी काकींना एक अंडं फोडायला सांगितलं. बलक फिकट, जवळजवळ लिंबाच्या आतल्या सालीइतका. एवढा पुरावा पुरेसा होता. बलकातच रंग नाही तर पायात कुठून असणार? म्हणजे त्या दिवशी पायांवरून घेतलेला कुठलाही निर्णय हवेतला होता.

पर्याय

पहिला पर्याय दादांचा, राजा आणि तीन जास्त ठिपक्यांच्या कोंबड्या. फायदा उघड होता. गिऱ्हाईक मोठ्या पक्ष्याकडे बघून पिल्लांचे पैसे देतं. पण राजाबद्दल माझी हरकत पायांपुरती नव्हती. स्पेकल्ड ससेक्समध्ये प्रत्येक वेळी पिसं झडून नवी आली की पांढरं वाढतं. पहिल्या वर्षी मळकट दिसणारी तलंग तिसऱ्या वर्षी सुरेख दिसू शकते, आणि पहिल्याच वर्षी भरगच्च ठिपक्यांची असलेली तिसऱ्या वर्षी नुसती पांढरट होते. राजा तीन वर्षांचा. मानेवर आणि छातीवर त्याचे ठिपके एकमेकांत मिसळायला लागले होते, शेपटीतली दोन मोठी पिसं अर्धी पांढरी, आणि छातीतलं पीस उपटून पाहिलं तर मधला काळा पट्टा जवळपास नाहीसा. बघणाऱ्याला तो शोभिवंत वाटतो. पैदाशीसाठी तो रंगात उतरणीला लागलेला पक्षी होता. दादांनी विकून टाकलेल्या मळकट पिल्लांत नेमकी चांगली पिल्लं गेली असण्याची शक्यता होती, पण ते त्यांना दोनदा सांगून काही उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय धाकटा. त्याचे ठिपके थोडे, पण प्रत्येक पिसावर तिन्ही रंग स्वच्छ वेगळे. वय दीड वर्ष. त्याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट अशी, की तो राजाचाच मुलगा, आणि सोबत घालायच्या कोंबड्या त्याच्या आया, मावश्या आणि बहिणी. एक पिढी चालतं, त्यापुढे उबवणीचं प्रमाण आणि पिल्लांची ताकद घसरू लागते.

तिसरा, बाहेरून नवा कोंबडा आणणं. रक्ताच्या दृष्टीने हाच चांगला. पण ज्याचे आईबाप पाहिलेले नाहीत अशा कोंबड्यावर पैसे घालवायला दादा तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. आधी कळपात काय आहे ते कळल्याशिवाय बाहेरचा पक्षी आणला तर पुढे दोष कोणाकडून आला हेही कळत नाही.

चौथा पर्याय काकींचा. हे सगळं विका आणि अंडी-मांसासाठी सुधारित जात आणा, आरेतल्या केंद्रीय कुक्कुट केंद्राकडून पिल्लं मिळतात. नुसती अंडी हवी असती तर काकींशी वाद घालण्याचं कारण नव्हतं.

ठरलं असं, की कोणालाही अजून काढायचं नाही. निदान डिसेंबरपर्यंत.

काय केलं

खाद्य बदललं. लेअर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात) पिवळ्या मक्याचा भरडा आणि रोज शेवग्याचा पाला. कणी बंद नाही केली, कमी केली. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी घातली आणि प्रत्येकाचं छातीवरचं एक पीस उपटून तारीख लिहिलेल्या पाकिटात ठेवलं. हे काम ओंकारने मन लावून केलं. पुढच्या वेळी पिसं बदलल्यावर त्याच जागेचं पीस शेजारी ठेवून बघायचं, म्हणजे पांढरं किती वेगाने वाढतंय ते कळतं. दोन पिसं समोर असली की आठवणीवर भांडण होत नाही.

कुंपणाला बारीक जाळी लावली. शेजाऱ्याच्या कोंबड्याचा प्रश्न तिथे मिटला, पण लगेच नाही. कोंबडी नराचं बीज दोन-तीन आठवडे अंगात साठवून ठेवते. ओंकारला दुसऱ्याच दिवसापासून अंडी गोळा करायची होती. तीन आठवडे थांबलो, त्या काळातली अंडी घरात खाल्ली गेली.

मग चाचणीची जोडी. पिवळ्या पायांच्या तीन तलंगा आता अंड्यावर आल्या होत्या आणि त्यांचा उपयोग हाच होता. पिवळ्या पायांचा पक्षी दुसरं काही देऊच शकत नाही, त्यामुळे तिच्या पिल्लाचे पाय थेट बापाबद्दल सांगतात. बाप वाहक असेल तर अर्धी पिल्लं पिवळी. एकजरी पिवळं निघालं तरी निकाल लागला. एकही न निघाल्यास खात्री पिल्लांच्या संख्येवर अवलंबून. पाच पिल्लं सगळी पांढरी असली तरी वाहक सुटण्याची शक्यता 32 मध्ये एक, सातला ती 128 मध्ये एक होते. दोन तलंगा धाकट्याकडे दिल्या, एक राजाकडे. ही इतक्या जवळच्या नात्यातली पिल्लं फक्त चाचणीसाठी, पैदाशीला ठेवायची नाहीत, हे आधीच बोलून घेतलं होतं. अंडी या वेळी खोक्यात न घालता काकींच्या दोन खुडूक गावठी कोंबड्यांखाली बसवली.

याच दरम्यान हिरव्या कडीची कोंबडी खुडूक झाली. सात जणींत बांध्याने ती सगळ्यात उत्तम होती, ओंकारच्या यादीतही पहिली. अंडी थांबली, मका चालूच होता. आधी डोळ्याची कड पिवळसर झाली, मग चोच, आणि काही आठवड्यांनी नडग्यांच्या खवल्यांत रंग उतरला. काकींनी उन्हात तिचे पाय धरून दाखवले. लपलेली कोंबडी सापडली. बाकीच्या मक्यावरही पांढऱ्याच राहिल्या, पिसं झडताना अंडी थांबली तेव्हाही.

निर्णयाचे क्षण

डिसेंबरच्या सुरुवातीला चाचणीची पिल्लं नऊ आठवड्यांची झाली. त्याआधी बघण्यात अर्थ नव्हता, कोवळ्या पिल्लाच्या पायाचा रंग फसवतो. राजाच्या सहा पिल्लांत तीन पिवळी. धाकट्याच्या अकरा पिल्लांत एकही नाही. तो वाहक असून असं घडण्याची शक्यता 2048 मध्ये एक. शिवाय अकराही पिल्लांची बोटं सरळ.

राजा बाद, धाकटा ठेवायचा. दादांना हे पचायला वेळ लागला. त्यांनी विचारलं, “एवढा देखणा पक्षी फुकट घालवायचा?” मी म्हटलं, ठेवा वाडीत, फक्त कोंबड्यांबरोबर नको. काकींनी त्याला कापू द्यायला नकार दिलाच होता.

हिरव्या कडीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. धाकटा शुद्ध पांढऱ्या पायांचा असल्याने तिची सगळी पिल्लं पांढऱ्या पायांचीच दिसणार, फक्त वाहक असणार. तिच्यासारखी रुंद पाठ कळपात दुसरीला नव्हती आणि धाकट्याची उणीव नेमकी पाठीतच. मी तिला ठेवली असती, तिच्या पिल्लांना वेगळी कडी घालून, आणि त्यांच्या पिल्लांची निवड करताना वाहक गाळले असते. दादा म्हणाले, “माझ्याकडून नेलेल्या पिल्लाला पुढे पिवळी पिल्लं झाली, की वसईवाला परत दारात.” व्यवहाराच्या बाजूने ते बरोबर होते. ती बाद झाली. कळपाने पायाचा दोष काढण्यासाठी पाठ गमावली, असं मी मानतो, आणि लहान कळपात हा सौदा महाग पडतो.

उरल्या चार. त्यातली निळ्या कडीची तीन वर्षांची असूनही तिचे ठिपके सुटे आणि काळा पट्टा शाबूत. ओंकारच्या यादीत ती पाचवी होती. माझ्या लेखी कळपातली सगळ्यात मोलाची तीच, कारण वय वाढूनही तिचा रंग हाताबाहेर गेलेला नव्हता. तिची अंडी वेगळी खूण करून ठेवायची असं ठरलं.

परिणाम

जानेवारीपासून एक कोंबडा आणि चार कोंबड्या वेगळ्या खुराड्यात. कुठलंही अंडं आठवड्यापेक्षा जुनं न होऊ देता उबवणीला घातलेली 40 अंडी, त्यातून 27 पिल्लं. जवळच्या नात्यातली जोडी असल्याने यापेक्षा जास्तीची अपेक्षा मी केली नव्हती. बिनठिपक्यांचं एकही नाही, त्यामुळे आधीची तिघं शेजाऱ्याची होती हेही पक्कं झालं. मक्यावर वाढवूनही दहाव्या आठवड्यात पिवळा पाय एकाचाही नाही.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर झाली होती. कोंबड्यांच्या देवीची राहिली, आणि डासांच्या दिवसांत चार पिल्लं त्यात गेली. मुंबईच्या पावसात हा खर्च टाळता येण्यासारखा होता.

उरलेली 23 पिल्लं दिसायला पुन्हा मळकटच होती, आणि विक्रीची खरी अडचण तिथेच होती. गिऱ्हाइकाला फोटोत ठिपके हवेत. दादांनी यावर साधा उपाय काढला. निळीचं पहिल्या वर्षीचं रूप ओंकारच्या मोबाइलमधल्या जुन्या फोटोंत सापडलं. तो फोटो, तिचा आजचा फोटो, दोन्हींखाली वय, आणि मग पिल्लाचा फोटो, असं ते पाठवू लागले. वसईवाल्याने त्यानंतर तीन पिल्लं नेली. पाठीच्या बाबतीत पिल्लं बापावर गेली आहेत, काही अरुंदच. हिरवीबद्दल मी पुन्हा काही बोललो नाही, दादाच एकदा म्हणाले की तिची एक खेप काढायला हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

खाद्य सगळ्यात आधी बदलायला हवं होतं, मला बोलावण्याच्याही आधी. बलकाचा रंग काकी रोज बघत होत्या, त्याचा पायाशी संबंध कोणी लावला नव्हता इतकंच. कळप वर्षभर मक्यावर असता तर हिरवी पहिल्याच खुडुकीत ओळखता आली असती आणि मधला एक हंगाम वाचला असता.

पहिल्या वर्षीची तलंग वा नर रंगावरून काढू नये. सांगाडा, तुरा, कानपाळी, नडगी यांतल्या दोषांवरून जरूर काढावा, ते वयाने सुधारत नाहीत. ठिपक्यांसाठी निदान एक पूर्ण झड थांबावं. याला जागा आणि दाणा लागतो, आणि म्हणूनच लोक ते करत नाहीत.

बाहेरचं रक्त आता आणावं लागेल. या वर्षी नाही आणलं ते बरोबर होतं, कारण आता निदान काय तपासायचं ते ठाऊक आहे. नवा कोंबडा आला की त्याचीही हीच चाचणी, आणि त्याच्या नडग्यांवरून उलटं बोट फिरवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

एक प्रश्न उघडा आहे. यंदाची पिसं झडल्यावर धाकट्याचं नवं पीस जुन्या पाकिटातल्या पिसाशेजारी ठेवलं, तेव्हा पांढरं टोक अपेक्षेपेक्षा जास्त रुंदावलेलं दिसलं. काळा पट्टा आहे, पण तिसऱ्या वर्षी तो बापाच्या वाटेने जाईल की निळीसारखा थांबेल हे आत्ता सांगता येत नाही. म्हणून निळीचे दोन नर राखून ठेवलेत. निळी स्वतः वाहक आहे का, हे तपासलेलं नाही, त्यामुळे दोघांचीही जोडी पिवळ्या पायांच्या तलंगांशी लावावी लागेल. नुसत्या पायांसाठी तिघींना दाणा घालावा लागतोय म्हणून काकी कुरकुरतात, पण दादांनी त्या विकलेल्या नाहीत.